लॅपटॉप प्लास्टिकचा का मेटलचा? आधी बिजागरी बघा

भाच्याला इंजिनीअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायचाय अन् आमची ताई रोज फोन करून एकच विचारायली, प्लास्टिकचा घेऊ का मेटलचा. तीनदा फोनवर सांगून झालं, चौथ्यांदा सांगायच्या ऐवजी लिहूनच टाकते, अजून कुणाला उपयोग झाला तर झाला. मी कॉम्प्युटरवाली वगैरे काही नाही हां. अकाउंटचं काम करते, टॅली अन् जीएसटी, टॉवेलवाले, सूतवाले, दोन-चार किराणावाले असे चौदा क्लायंट, त्यातल्या निम्म्यांची बिलं माझ्याकडं येतच नाहीत, मलाच लॅपटॉप घेऊन त्यांच्या दारात जावं लागतं. जुळे सोलापुरातून निघायचं, अक्कलकोट रोड एमआयडीसी, तिथून नवी पेठ, परत घर, सगळं ॲक्टिव्हावर. त्यामुळं लॅपटॉपचे हाल करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जो त्रास झाला तो त्या किमतीतल्या सगळ्याच कंपन्यांत थोड्याफार फरकानं होतो असं रिपेअरवाल्यांकडं बसून बसून कळलंय.

पहिला लॅपटॉप काळा, प्लास्टिक बॉडी, १५.६ इंची, नंबरपॅडवाला. २०१९ च्या दिवाळीत घेतला, साडेचार वर्षं चालला, म्हणजे आतून अजूनही चालतोय, मेला तो बाहेरून. पहिली तीन वर्षं एक तक्रार नाही. मग स्क्रीन उघडताना उजव्या कोपऱ्यातून कट्ट असा बारीक आवाज यायला लागला. मी म्हटलं धूळ असेल, दाराच्या बिजागरीला सोडतो तसं दोन थेंब तेल सोडू का, असा पण विचार आला होता (सोडलं नाही ते बरं केलं, तेल उतरून स्क्रीनच्या आत गेलं असतं). मग झाकण बंद केल्यावर उजवीकडं एक बारीक फट दिसायला लागली, नख जाईल एवढी. तिकडं पण दुर्लक्ष. अन् एका १९ तारखेला, दुसऱ्या दिवशी जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची शेवटची तारीख, सूतवाल्या शेठजींच्या पेढीवर बसून स्क्रीन वर केली तर उजवीकडचं मागचं झाकण अन् पुढची पट्टी दोन्ही वेगळे, भुईमुगाची शेंग दाबल्यावर टरफल उघडतं तसं. स्क्रीन चालू होती, पण उभी राहीना. मागं दोन खातेवह्या अन् त्यांच्या टेबलावरचा गणपती टेकवून तसंच रिटर्न भरलं, शेठजी म्हणाले मॅडम गणपती पडू देऊ नका, लॅपटॉप पडला तर चालेल.

रिपेअरवाल्याकडं गेले तर तो उघडून बघून म्हणतो, "मॅडम, बिजागरीला काय बी झालेलं नाही बघा. बिजागरी स्टीलची असती, ती कशाला तुटती? तिचं घर तुटलंय." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. त्यानं दाखवलं, बिजागरी चार-पाच बारीक स्क्रूनं बसवलेली असते, ते स्क्रू पितळेच्या छोट्या नटात जातात, अन् ते नट प्लास्टिकच्या खुंट्यांत गरम करून दाबून बसवलेले असतात. म्हणजे अख्ख्या स्क्रीनचा भार, उघडताना-मिटताना पडणारा सगळा पीळ, शेवटी त्या तांदळाएवढ्या प्लास्टिकच्या खुंट्यांवर. नवीन असतं तेव्हा सगळं मजेत चालतं, नंतर बिजागरीतलं ग्रीस सुकतं, धूळ बसते, बिजागरी घट्ट होते, आपण जोर लावतो, बिजागरी वळायच्या ऐवजी नटच उपटून येतो. त्यात मी झाकण कायम एका कोपऱ्याला धरून उघडायचे, एका हातात चहा असतो ना. आता मधोमध धरून उघडते, उशिरा सुचलेलं शहाणपण.

आख्खा एबीएच बदलायचा तर ४२०० सांगितले. एबीएच म्हणजे मागचं झाकण, स्क्रीनभोवतीची पट्टी अन् बिजागऱ्या, रिपेअरच्या दुकानात हाच शब्द चालतो, तिथं जाऊन "टॉप कव्हर" म्हणालात की नवीन गिऱ्हाईक आलंय हे ओळखतात. नुसतं भरून द्यायचं तर ९००. भरून म्हणजे तुटलेल्या खुंट्यांच्या जागी इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा गोंद, भरून त्यात नट परत बसवायचा. मी ९०० वालं केलं, आठ महिने टिकलं, मग डावी बाजू गेली. तेव्हा ठरवलं की आता काही झालं तरी मेटल.

अन् इथंच पहिली फसगत होता होता राहिली. दुकानात गेले, मेटल बॉडी दाखवा म्हटलं, पोरानं पाच-सहा चंदेरी लॅपटॉप मांडले, सगळे मेटल म्हणून. त्यातल्या तीनांत मेटलचा पत्ता नव्हता, प्लास्टिकवर चंदेरी रंग, त्याला बॉक्सवर "मेटॅलिक फिनिश" का काहीतरी लिहिलेलं. दोनांत नुसतं वरचं झाकण ॲल्युमिनियमचं, कीबोर्डचा भाग अन् खालचं बूड प्लास्टिकचंच. शेजारी एक काका आपल्या पोराला लोहचुंबक लावून बघ म्हणत होते, त्यांना कसं सांगू, ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही ओ काका, घरातला ॲल्युमिनियमचा डबा नाही का. अन् झाकणाच्या कडेला कुठं चिकटलाच तर तो आतल्या छोट्या चुंबकामुळं, स्क्रीन मिटली हे लॅपटॉपला त्यावरनंच कळतं. त्यापेक्षा हाताचा तळवा ठेवा, एसीतल्या दुकानात मेटल चटकन गार लागतं, प्लास्टिक लागत नाही. तळहात टेकतो तिथं, झाकणावर अन् बुडाला, तिन्ही ठिकाणी वेगवेगळा हात लावून बघा. कंपनीच्या वेबसाइटवर पण हे तिन्ही भाग कशाचे ते बऱ्याचदा वेगवेगळं लिहिलेलं असतं, फक्त खाली शेवटी, बारीक अक्षरात.

आता माझा मुद्दा कळला असेल. झाकण मेटलचं अन् कीबोर्डचा भाग प्लास्टिकचा असला तर खालच्या बाजूचे बिजागरीचे स्क्रू बहुतेक परत प्लास्टिकमध्येच बसलेले असणार, म्हणजे ज्या दुखण्यासाठी जास्तीचे दहा-पंधरा हजार दिले ते दुखणं जिथल्या तिथं. उलट चांगल्या प्लास्टिकच्या लॅपटॉपला, ऑफिसवापराच्या मालिकांमध्ये असतात तसल्या, आत मॅग्नेशियमची चौकट असू शकते अन् बिजागरी त्या चौकटीला पकडलेली असते, बाहेरून काळं प्लास्टिक दिसतंय म्हणून हलका समजू नका. हे दुकानात कळणार कसं? नाहीच कळणार, उघडून थोडंच दाखवतात. पण डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या आपल्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअलं वेबसाइटवर ठेवतात, आत सगळ्या भागांची चित्रं असतात, कुणाला विचारायची गरज नाही. नाहीतर यूट्यूबवर मॉडेलचं नाव टाकून कुणीतरी उघडलेला व्हिडिओ बघा, बिजागरी कशात बसलीय तिथं थांबवून बघा. भाचा म्हणतो मावशी, लोक प्रोसेसर बघतात अन् तू बिजागरी बघतीस. बघते बाबा. प्रोसेसरनं मला १९ तारखेला कधी रडवलं नाही.

शेवटी मी घेतला तो १४ इंची, वरून-खालून-मधून सगळा ॲल्युमिनियम, १.४ किलो. आधीचा २.१ किलोचा होता. लोक म्हणतात मेटल जड. धातू म्हणून बघितलं तर खरंय, ॲल्युमिनियमची घनता २.७ अन् या प्लास्टिकची एकच्या थोडी वर. पण ॲल्युमिनियमचा ताठपणा प्लास्टिकच्या तीसएक पट, म्हणून पत्रा पातळ ठेवून भागतं अन् शेवटी वजन काही वाढत नाही, माझं कमी झालं ते तर निम्मं स्क्रीन लहान झाल्यामुळं. हा ताठपणा टायपिंगला लगेच कळतो. जुन्याचा कीबोर्ड मधोमध चेपायचा, गादीवर बोट दाबल्यासारखा, हा हलत नाही. पण १४ इंचीला नंबरपॅड नाही!! टॅलीवर दिवसाला चारशे व्हाउचर मारणाऱ्या बाईला वरच्या ओळीतले आकडे दाबायला लावणं म्हणजे शिक्षा आहे. सहाशेचा वेगळा नंबरपॅड घेतला, तो पिशवीत राहतो, अन् ज्या दिवशी विसरते त्या दिवशी मला जुन्या प्लास्टिकवाल्याची फार आठवण येते.

उन्हाळा. सोलापूरचा मे महिना काय सांगायचा, ४२-४३ अंश म्हणजे नेहमीचंच, अन् पत्र्याच्या शेडमधलं ऑफिस असेल तर बाहेर बरं वाटतं. बहुतेक लॅपटॉपच्या कागदपत्रांत वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं, म्हणजे आपण चार महिने त्यांच्या नियमाबाहेरच काम करतो. अशा वेळी मेटल चटके देतं. खोटं नाही, दुपारी ३ वाजता एमआयडीसीत कीबोर्डच्या वरच्या पट्टीला हात लावला तर पटकन मागं घ्यावा लागतो, अन् मांडीवर ठेवायचं तर नावच नको. ॲल्युमिनियममधून उष्णता प्लास्टिकच्या पाचशे पटीच्या वर सहज जाते, त्यामुळं दोन्ही सारखेच तापले असले तरी स्टीलच्या पेल्यातला चहा अन् कपातला चहा हातात धरण्यात जो फरक तोच इथं. प्लास्टिकवाला आतून तितकाच शिजत असतो, फक्त आपल्याला सांगत नाही. मेटलचा आतल्या भागांना थोडा फायदा होतो म्हणतात, पण खरं काम तांब्याची नळी अन् पंखाच करतो, अन् तो पंखा जर तुंबलेला असेल तर बॉडी सोन्याची असली तरी उपयोग नाही.

पंखा कशानं तुंबतो तर आमच्याकडं रुईनं. टॉवेलच्या कारखान्यात हवेत सुताचे बारीक तंतू उडत असतात, तासाभरात काळ्या साडीवर दिसतात, तेच बुडाच्या जाळीतून आत ओढले जातात अन् पंख्यापुढं त्याची चक्क वात वळली जाते. सहा महिन्यांनी उघडून साफ करावंच लागतं. इथं मेटलवाला मला आवडला, बुडाचे स्क्रू काढले की पत्रा अलगद निघतो. जुन्याला स्क्रू काढूनसुद्धा कडेनं क्लिपा होत्या, दर वेळी उघडताना एक-दोन क्लिपा तुटायच्या, शेवटी शेवटी बूड एका बाजूनं उसवलेल्या उशीसारखं दिसायचं. अन् कुणाच्याही घरी, कितीही आग्रह झाला तरी, लॅपटॉप चादरीवर ठेवू नका. सोलापुरी चादर चांगली जाड असते, जाळी पूर्ण बंद होते. पाट घ्या, ताट उपडं घाला, काहीही करा.

आता करंटचं. हे कुणी सांगतच नाही, ना दुकानदार ना जाहिरात.

नवीन मेटलवाला घेऊन पंधरा दिवस झाले असतील, अशोक चौकाकडच्या एका टॉवेलवाल्या क्लायंटच्या जुन्या इमारतीत बसले होते, चार्जर लावलेला, अन् मनगट कीबोर्डच्या कडेला घासलं की बारीक झिणझिण. आधी वाटलं हात अवघडला. मग शेठजींना बिल दाखवायला लॅपटॉप त्यांच्याकडं सरकवला तर ते एकदम हात झटकून म्हणाले, "अक्का, ह्यो तुमचा लॅपटॉप करंट मारायलाय की ओ!" त्यांच्या पोरानं टेस्टर आणून लावला, टेस्टर मंद पेटला. झालं, अख्खं ऑफिस गोळा झालं, मशीनवरची माणसं पण बघायला आली. मी चार्जर काढला, टेस्टर विझला. लॅपटॉप खराब निघाला म्हणून मी रडकुंडीला.

खराब नव्हता. चार्जरच्या आत भिंतीतल्या लाइनच्या बाजूकडून लॅपटॉपकडं जाणाऱ्या डीसी बाजूकडं कपॅसिटर नावाचा एक छोटा भाग जोडलेला असतो, तो चार्जरचा विजेचा गोंगाट दाबण्यासाठी लागतोच. त्यातून अगदी किंचित करंट पलीकडं येतो, मिलिअँपिअरचा काही भाग. चार्जरला अर्थिंग असेल तर तो तिकडून निघून जातो अन् तुम्हाला पत्ता लागत नाही. अर्थिंग नसेल तर तो बॉडीवर बसून राहतो अन् तुमच्या हातातून वाट काढतो. प्लास्टिक बॉडीत पण हेच सगळं होत असतं, फक्त प्लास्टिक मधे असल्यामुळं आपल्या बोटापर्यंत पोचत नाही. माझा चार्जर तीन पिनचाच होता, कारखान्यातला एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा तीन भोकांचा, मग अर्थिंग गेलं कुठं? बोर्ड उघडला तर आत वायर दोन तारांची. वरचं मोठं भोक नुसतं शोभेला. आपल्याकडं असे बोर्ड किती घरांत असतील विचार करा, अन् त्यावरच फ्रिज, मोटर, गीझर पण चालत असतात. म्हणजे लॅपटॉपनं मला वैताग दिला पण त्यांच्या वायरिंगची चोरी पकडून दिली, आठ दिवसांत शेठजींनी सगळे बोर्ड बदलले. वायरमननं जाता जाता सांगितलं की उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा, माती कोरडी पडली की अर्थिंग नीट लागत नाही. शेठजी म्हणाले, "नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय, आधी आम्ही पिऊ का खड्ड्याला पाजू?"

तर मेटल घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा. चार्जर दोन पिनचा आहे का तीन पिनचा, अन् आपल्या घरच्या त्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का. आजकालचे छोटे टाइप-सी चार्जर बरेचसे दोन पिनचेच येतात, त्याला भिंतीत कितीही चांगलं अर्थिंग असलं तरी उपयोग नाही, जोडायला पिनच नाही तर. झिणझिण असेल तर घाबरू नका, पण हाताला सणकन झटका बसला तर तो वेगळा प्रकार, तो चार्जर लगेच काढा अन् परत लावू नका.

पडण्याबद्दल थोडक्यात, कारण दोन्ही पाडून झालेत. प्लास्टिकवाला ॲक्टिव्हावरून बॅगेसकट पडला, कोपऱ्याला बोटभर चीर गेली, त्यावर फेव्हिक्विक टाकलं अन् विसरले. मेटलवाला टेबलावरून फरशीवर पडला, तो चिरला नाही पण कोपरा आत दबला, अन् दबलेला पत्रा आपोआप परत येत नाही, प्लास्टिक निदान लवचिक असतं. माझ्या मेटलवाल्याचं झाकण आता त्या कोपऱ्याला पूर्ण मिटत नाही, अन् नशीब की त्या बाजूला चार्जिंगचं भोक नव्हतं, नाहीतर पिनच गेली नसती आत. तो पॅनल बदलायचा विचारलं तर साडेआठ हजार, ते पण मागवावा लागेल म्हणे. प्लास्टिकचे पॅनल मात्र इथं सोलापुरात दोन दिवसांत मिळतात, जुन्या लॅपटॉपचे काढलेले पण मिळतात. तो बॉक्सवरचा मिलिटरी टेस्टवाला स्टिकर बघून फार हुरळू नका, ८१०एच का काय असतो तो, त्या टेस्ट कंपनी स्वतःच निवडून करून घेते, सैन्यानं पास केलं असं काही नसतं, अन् ते स्टिकर प्लास्टिकवाल्यांवर पण असतात.

दिसायला मेटल भारी आहे, मान्य. तो दबलेला कोपरा सोडला तर दोन वर्षांनी पण नवा वाटतो. तळहाताच्या घामानं कडेला बारीक ठिपके पडायला लागलेत ते तेवढे जवळून बघितल्यावर दिसतात. प्लास्टिकवाला दोन वर्षांतच हात घासून घासून चकाकायला लागला होता. रबरासारखं मऊ कोटिंग असलेला प्लास्टिकवाला मात्र अजिबात घेऊ नका, मामेभावाचा तसला होता, चार-पाच वर्षांनी ते कोटिंग विरघळून गुळाच्या पाकासारखं चिकट झालं, स्पिरिट लावून लावून खरवडत बसला होता.

भाच्यासाठी म्हणाल तर मी ताईला प्लास्टिकचाच सांगितला, पण आत धातूची चौकट असलेला, ऑफिसवाल्या मालिकेतला. पोरगं हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जा-ये करणार, बॅग वरच्या फळीवर फेकणार, होस्टेलवर कुठल्या बोर्डाला चार्जर लावेल देव जाणे, अन् कॉलेजात चार वर्षांत एकदा तरी पाडणार हे लिहून देते. वाचलेल्या पैशांत रॅम वाढवा म्हटलं. मेटलचाच हट्ट असेल तर तिन्ही भाग मेटलचा घ्या, नुसत्या झाकणासाठी एक रुपया जास्त देऊ नका. स्वतःला परत घ्यायची वेळ आली तर मी काय घेईन? मेटलच, पण १५.६ इंची, नंबरपॅडवाला, अन् पिशवीत एक तीन तारांचा एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःचा. आता पण असतोच. क्लायंट हसतात, हसू देत.

एवढं सगळं फोनवर ऐकून घेतलं ताईनं, हं हं करत, अन् शेवटी विचारते, "बरं ते जाऊ दे, कलर कोणता चांगला दिसंल गं?"